जमेची बाजू कशी ओळखावी? सीमाभागातल्या पंच, चेअरमन आणि अध्यक्षांचे वारंवार येणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी या भागात मी स्त्रीशक्ती संघ (बायकांचे बचत गट), देवस्थान पंच कमिट्या, युवक मंडळे, सहकारी सोसायट्या आणि उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या फौंड्रींमधले सुपरवायझर यांच्या बैठका घेते. विषय एकच असतो. चार माणसांना बरोबर घेऊन काम करणाऱ्याला स्वतःची नीट ओळख कशी व्हावी? बैठकीत फारसे कुणी बोलत नाही. घरी पोचल्यावर व्हॉट्सअ‍ॅपवर प्रश्न येतात, काही जण जाताना हातात चिठ्ठी देतात. जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथे एकत्र केले आहेत. ज्यांनी नुकतेच पद घेतले आहे त्यांनी पहिले चार आधी वाचावेत. बाकीचे आपापल्या अडचणीप्रमाणे.

1. आत्मभान म्हणजे नेमकं काय? मी स्वतःला ओळखतोच की.

आत्मभानाला दोन बाजू आहेत. मला काय आवडते, कशाने राग येतो, कुठल्या कामात मन लागते हे मला माहीत असणे, ही आतली बाजू. समोरच्याला मी कसा दिसतो हे माहीत असणे, ही बाहेरची. आतली बाजू बहुतेकांची थोडीफार पक्की असते, बाहेरची कच्ची.

अमेरिकेतल्या संशोधक ताशा युरिक यांनी जवळपास 5000 लोकांचा अभ्यास केला. आपण स्वतःला ओळखतो असे त्यातल्या बहुतेकांना वाटत होते, पण कसोटीला उतरले ते 10 ते 15 टक्के. मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. अनुभव आणि अधिकार वाढला म्हणून ही ओळख आपोआप वाढत नाही. वरच्या जागेवर बसलेला माणूस स्वतःला जास्तच धरून चालतो, कारण त्याला टोकणारे कमी उरतात.

भजनाला बसणाऱ्यांना हे लगेच पटते. टाळ वाजवणाऱ्याला आपला टाळ ठेक्यातच आहे असे वाटत असते. लय सुटली हे पखवाजवाल्याला आधी कळते.

2. जमेची बाजू म्हणजे जे मला चांगलं येतं तेच ना?

तेवढेच नाही. खानापूर तालुक्यातल्या एका संघात एक ताई हिशेब अगदी चोख ठेवायच्या. एक रुपया इकडचा तिकडे नाही. पण महिन्याची बैठक जवळ आली की त्यांची झोप उडायची. वही मिटली की दोन दिवस अंग दुखायचे. हिशेब त्यांना *येत* होता, पण तो करून त्या थकत होत्या. त्याच संघात दुसरी एक बाई होती, तिसरी शिकलेली. ती म्हणायची, "मला काय येतंय वो, मी नुसती बसतो." मी इतर बायकांना विचारले, तेव्हा कळले की कर्ज घ्यायचे का नाही हे ठरवायच्या आधी जवळजवळ प्रत्येक जण तिच्या परड्यात जाऊन येते. ती सल्लाही फारसा देत नाही. "फेडणार कशातनं?" एवढेच विचारते आणि गप्प बसते. त्या संघाची कर्जे वेळेवर फिटत होती, त्यात तिचा वाटा किती होता हे तिलाच ठाऊक नव्हते.

तेव्हापासून मी जमेची बाजू अशी ओळखायला सांगते. ते काम तुमच्या हातून एकदा नाही, पुन्हा पुन्हा नीट होते. ते केल्यावर तुम्ही गळून जात नाही. आणि लोक त्या कामासाठी आपण होऊन तुमच्याकडे येतात, तुम्हाला पद असो वा नसो. या तिन्हीतली शेवटची खूण मला सर्वात भरवशाची वाटते.

3. सुरुवात कुठून करू? शिक्षण सातवी, वेळ अजिबात नाही.

एक साधी वही घ्या. महत्त्वाचा निर्णय घेतला की त्याच दिवशी तीन ओळी लिहा: काय ठरवले, त्यातून काय होईल असे वाटते, आणि आजची तारीख. वही बंद करा. नऊ ते बारा महिन्यांनी उघडा आणि प्रत्यक्षात काय झाले ते शेजारी लिहा. व्यवस्थापनशास्त्राचे जाणकार पीटर ड्रकर हीच पद्धत सांगायचे आणि स्वतः वर्षानुवर्षे पाळायचे. आपल्याकडे पाडवा ते पाडवा असा हिशेब धरला तर लक्षात राहतो.

एका वर्षाने फार काही दिसत नाही. दोन-तीन वर्षांच्या नोंदी झाल्या की घडी दिसायला लागते. उद्यमबागेतल्या एका सुपरवायझरने अशी वही ठेवली. आपण माणसे निवडण्यात हुशार आहोत असे त्यांना वाटत असे. वहीने उलटे सांगितले. नवा मोल्डर (साचा करणारा कामगार) निवडतानाचे त्यांचे अंदाज बहुतेक वेळा चुकले होते. पण साच्यात बिघाड कुठे आहे, रिजेक्शन कशामुळे वाढतेय, याबद्दल त्यांनी लिहिलेले जवळजवळ सगळे खरे निघाले होते. त्यांनी मालकांना सांगून भरतीचे काम दुसऱ्याकडे दिले.

लिहायला जड जात असेल तर घरातल्या पोराला सांगा, ते लिहील. मोबाईलवर बोलून ठेवले तरी चालते. पण तारीख पाहिजेच. तारीख नसली की मन आपल्या सोयीचे आठवते: "मला तेव्हाच वाटलं होतं."

4. लोकांना विचारायचं कसं? "माझ्यात काय चांगलं आहे" म्हटलं तर हसतील.

तसे विचारूच नका. तुमच्या स्वभावाबद्दल कुणाला विचारले की तो एकतर स्तुती करतो, नाहीतर विषय बदलतो. घडलेल्या प्रसंगाबद्दल विचारा. "गेल्या वर्षात माझ्यामुळं तुमचं काम कधी सोपं झालं?" आणि "माझ्यामुळं तुमचं कधी अडलं?" हे दोन प्रश्न पुरतात.

पाच-सहा जणांना विचारा. त्यात तुमच्या हाताखालचे दोघे, बरोबरीचा एक, वरचा एक हवा. आणि शक्य असेल तर तुमची कमिटी किंवा नोकरी सोडून गेलेला एक. सोडून गेलेल्या माणसाला तुमच्याकडून काही मिळवायचे नसते, म्हणून त्याचे बोलणे सर्वात स्वच्छ असते. त्याच्या घरी जाऊन चहा घ्या आणि विचारा.

ऐकताना उत्तर देऊ नका. "तसं नव्हतं हो, त्या दिवशी काय झालं होतं..." हे वाक्य तोंडातून निघाले की पुढचे खरे बोलणे संपले. लिहून घ्या, "बरं" म्हणा, उठा.

मानसशास्त्रात याचे एक जुने चित्र आहे. जोसेफ लुफ्ट आणि हॅरिंग्टन इंगहॅम या दोघांनी 1955 साली चार खणांची एक खिडकी काढली. दोघांच्या नावांचे तुकडे जोडून तिला जोहरी खिडकी म्हणतात. एका खणात मला आणि लोकांना दोघांनाही ठाऊक असलेले, एकात फक्त मला ठाऊक असलेले, एकात कुणालाच ठाऊक नसलेले. उरलेल्या खणात लोकांना दिसते पण मला दिसत नाही ते. जमेच्या बाजूसुद्धा त्या खणात पडून असतात, फक्त दोष नाही. हे आपण विसरतो.

5. आमच्या कमिटीत सगळे भावकीतले, नाहीतर गल्लीतले. खरं कोण बोलणार?

हा प्रश्न देवस्थान कमिट्यांकडून सर्वात जास्त येतो, आणि तो खरा आहे. ज्याच्याशी बांधावरून उद्या बोलायचे आहे, ज्याच्या घरी पुढच्या महिन्यात लग्नाला जायचे आहे, त्याच्या तोंडावर कोण बोलेल?

आधी एक अभ्यास सांगते. अमेरिकेतल्या संशोधक एमी एडमंडसन यांनी 1996 साली रुग्णालयांतल्या नर्सांच्या गटांमध्ये औषध देण्यातल्या चुका मोजल्या. चांगल्या चाललेल्या गटांत चुका कमी असतील असा त्यांचा अंदाज होता, पण तिथेच जास्त नोंदल्या गेलेल्या दिसल्या. बारकाईने पाहिल्यावर उलगडा झाला. त्या गटांत चूक सांगायची भीती नव्हती. बाकीच्या ठिकाणी चुका झाकल्या जात होत्या. म्हणून तुमच्या कमिटीत कुणाचीच काही तक्रार नसेल तर लगेच समाधान मानू नका.

चिठ्ठ्यांचा मार्ग चालतो, पण नीट करायला हवा. सगळ्यांना एकाच रंगाचा पेन द्या. गावात अक्षर ओळखू येते, म्हणून उत्तरे एका शब्दात मागा. "हिशेब, बोलणं, वेळ, राग, धीर, न्याय" असे शब्द आधीच छापून द्या आणि जमेच्या शब्दाखाली टिक, कमी पडणाऱ्याखाली फुली करायला सांगा. चिठ्ठ्या तुम्ही उघडू नका. शेजारच्या गावातल्या, तुमच्याशी देणेघेणे नसलेल्या माणसाने उघडून फक्त बेरीज सांगावी.

पहिल्या वर्षी सगळीकडे टिकच येईल. त्यातही टिक कुठल्या शब्दाखाली *पडली नाही* ते बघा.

6. इलेक्शन जवळ आलं की सगळेच "तुमच्यासारखा माणूस नाही" म्हणतात. खरी स्तुती कशी ओळखायची?

खऱ्या स्तुतीत प्रसंग असतो. "तुम्ही फार मोठ्या मनाचे" यात काहीच नाही. "शिवजयंतीच्या चित्ररथाच्या रात्री दोन मंडळांची पोरं भिडली, तेव्हा तुम्ही मधे येऊन ट्रॅक्टर मागं घ्यायला लावला" यात तारीख, जागा आणि काम आहे. प्रसंग नसलेली स्तुती वहीत लिहू नका.

7. मोबाईलवर स्वभाव ओळखायच्या चाचण्या असतात, त्या कराव्यात का?

करा, पण गणपतीसमोर कौल लावल्यासारखे त्यांचे ऐकू नका. डोनाल्ड क्लिफ्टन यांच्या कामातून तयार झालेली चाचणी 34 प्रकारांत तुमचा कल दाखवते, तिला पैसे पडतात. क्रिस्टोफर पीटरसन आणि मार्टिन सेलिगमन यांनी 2004 साली मांडलेल्या 24 गुणांवरची चाचणी ऑनलाइन फुकट मिळते. माणसांना 16 साच्यांत बसवणारी चाचणी कंपन्यांत फार चालते. ती कॅथरीन ब्रिग्ज आणि त्यांची मुलगी इसाबेल मायर्स यांनी बनवली. दोघींचेही मानसशास्त्राचे रीतसर शिक्षण नव्हते. काही आठवड्यांनी तीच चाचणी पुन्हा दिली की बऱ्याच जणांचा साचा बदलतो.

चाचणीचा खरा फायदा एवढाच की ती तुम्हाला शब्द देते. "मला काय येतं ते सांगता येत नाही" म्हणणाऱ्याला "चिकाटी", "न्यायबुद्धी", "कुतूहल" असे शब्द समोर आले की बोलायला सोपे जाते. चाचणी तुमचे स्वतःबद्दलचे मतच तुम्हाला परत देते, हे मात्र विसरू नका. चाचणी एक सांगत असेल आणि प्रश्न 4 मधली माणसे दुसरे, तर माणसांचे धरा.

8. मला तर स्वतःत काहीच चांगलं दिसत नाही. मग मी नालायक आहे का?

नाही. आणि मी धीर द्यायचा म्हणून म्हणत नाही.

1999 साली कॉर्नेल विद्यापीठातल्या जस्टिन क्रूगर आणि डेव्हिड डनिंग यांनी विद्यार्थ्यांना तर्क, व्याकरण अशा चाचण्या दिल्या आणि आपला क्रमांक कुठे असेल ते विचारले. सर्वात खालच्या पाव हिश्शातली मुले शंभरात सरासरी 12 जणांच्याच पुढे होती, पण 62 जणांच्या पुढे असू असे त्यांना वाटत होते. हा भाग सगळे सांगतात. दुसरा भाग कमी सांगितला जातो. सर्वात वरच्या मुलांनी स्वतःला खऱ्यापेक्षा *खाली* धरले होते. आपल्याला सोपे गेले म्हणजे सगळ्यांनाच सोपे गेले असणार, असे त्यांना वाटत होते.

आमच्या संघांतल्या बायकांचे नेमके हेच होते. वीस माणसांचा स्वयंपाक, दोन म्हशी, सासऱ्यांचे औषध, पोरांची शाळा आणि रताळी काढायची मजुरी हे सगळे एका दिवसात बसवणाऱ्या बाईला "नियोजन" ही आपली जमेची बाजू आहे असे कधीच वाटत नाही. "त्यात काय, सगळ्याच करतात." सगळ्या करत नाहीत. शेजारणीला विचारा.

9. तालुका पंचायतीत, बँकेत, पीडीओंसमोर (पंचायत विकास अधिकारी) कन्नडमधनं बोलायचं असतं. मी अडखळते. सगळ्यांना वाटतं हिला काही येत नाही, आता मलाही तसंच वाटायला लागलंय.

या प्रश्नासाठी मला सर्वात जास्त वेळ द्यावासा वाटतो, कारण सीमाभागातली कितीतरी चांगली माणसे इथेच मागे सरतात.

भाषेतली अडचण आणि कामातली उणीव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या वेगळ्या करायचा एक उपाय आहे. गेल्या सहा महिन्यांत जिथे जिथे तुम्ही गडबडलात ते प्रसंग लिहून काढा. प्रत्येकापुढे लिहा: हेच काम मराठीत असते तर मला जमले असते का? बहुतेक ठिकाणी "हो" आले तर तुमचा प्रश्न भाषेचा आहे, आणि तो शिकून सुटतो. "नाही" आले, म्हणजे गावातल्या मराठी बैठकीतही मुद्दा मांडताना गडबडता, तर तो वेगळा प्रश्न. त्याला वेगळा सराव लागतो.

भाषेचाच प्रश्न असेल तर घाबरण्याआधी एक बघा. कचेरीतले बरेच शब्द तुम्हाला आधीच येतात. अर्ज तिथे अर्जी आहे, ठराव ठरावु आहे, सभा सभे आहे, खर्च खर्चु आहे. दोन्ही भाषा इतकी वर्षे एकाच बाजारात भाजी विकत आल्या आहेत. बैठकीची नोटीस आली की हायस्कूलला कन्नड शिकणाऱ्या मुलीकडून आदल्या रात्री वाचून घ्या. आपला मुद्दा चार वाक्यांत आधी ठरवून पाठ करा. "मला कन्नड थोडं येतं, सावकाश बोलते, समजून घ्या" हे पहिले वाक्य कन्नडमध्येच म्हणा. माझा अनुभव असा आहे की हे वाक्य ऐकल्यावर समोरचा अधिकारीही बहुतेक वेळा सावकाश बोलतो, अर्धे मराठीत येतो.

याची दुसरी बाजूही आहे. एखाद्याला कन्नड, मराठी, हिंदी तिन्ही फडाफडा येतात म्हणून त्यालाच पुढे केले जाते. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी 1920 साली दाखवून दिले की लष्करी अधिकारी शिपायांना गुण देताना एक गुण आवडला की बाकीचेही वाढवून देतात. रुबाबदार दिसणारा शिपाई त्यांना हुशारही वाटायचा. आपल्याकडे रुबाबाच्या जागी भाषा बसते. बोलका माणूस कामाचाही असेल असे गृहीत धरले जाते, आणि त्यालाही ते खरे वाटायला लागते. तुम्ही असे तीन भाषांत बोलणारे असाल तर तुमच्यासाठी प्रश्न 3 मधली वही जास्त गरजेची आहे.

10. उणिवा भरून काढायच्या का जमेच्या बाजू वाढवायच्या?

वेळ थोडा असेल तर जमेच्या बाजू वाढवा. जे मुळात चांगले आहे ते आणखी चांगले करणे सोपे जाते. जिथे तुमचा जोर नाही तिथे ज्याचा आहे तो माणूस शेजारी बसवा.

पण दोन उणिवांना ही सूट नाही. पहिली पैशाची. "मला हिशेबातलं काय कळत नाही, सेक्रेटरी बघतात" असे म्हणणारा चेअरमन मी पुष्कळ वेळा ऐकला आहे, आणि दर वेळी मला भीती वाटते. तुम्हाला वही लिहिता आली नाही तरी चालेल, पण जमाखर्च वाचता आला पाहिजे. रोख शिल्लक, बँकेतली शिल्लक, येणे, देणे या चार आकड्यांवर बोट ठेवता येत नसेल तोवर सही करू नका. तुमच्या सहीवर दुसऱ्यांची आयुष्याची पुंजी ठेवलेली असते. दुसरी उणीव रागाची. ती प्रश्न 12 मध्ये आहे.

11. चार वर्षं मला ज्या गुणामुळं निवडून देत होते, त्याच गुणावर आता लोक चिडतात. असं कसं?

कुस्ती बघणाऱ्याला हे सांगावे लागत नाही. एखाद्या पैलवानाचा ढाक इतका बसलेला असतो की तो प्रत्येक कुस्तीत तोच डाव टाकतो. वर्षभराने समोरचा त्याचीच वाट बघत उभा असतो. वस्ताद हौद्याबाहेर बसून ओरडत असतो, "दुसरा काढ, दुसरा काढ", पण हातून तोच निघतो.

जमेची बाजू अशीच अती होते. झटपट निर्णय घेणारा कुणाला विचारेनासा होतो. सगळ्यांना सांभाळून घेणारा कुणालाच नाही म्हणू शकत नाही. काटेकोर माणूस पोरांच्या हातात एकही काम सोडत नाही. रॉबर्ट कॅप्लन आणि रॉबर्ट कैसर यांनी अधिकाऱ्यांचा अभ्यास करून हेच मांडले, की माणूस आपला गुण किती जास्त वापरतो हे त्याला स्वतःला दिसत नाही. लोकांकडून मत घेताना "चांगलं–वाईट" एवढेच विचारले तर हा अतिरेक पकडताच येत नाही, कारण गुण तर चांगलाच असतो.

म्हणून विचारताना "कमी, पुरेसं, जास्त" असे तीन पर्याय द्या. मी एका सोसायटीत सेक्रेटरी होते तेव्हा मला माझी शिस्त फार महत्त्वाची वाटायची. हप्ता एक दिवस उशिरा आला तरी मी नियम वाचून दाखवायचे. एका सभासदाने "शिस्त" या शब्दापुढे "जास्त" वर टिक केली आणि खाली लिहिले, "आई दवाखान्यात होती." मला ती चिठ्ठी अजून आठवते. मी नियम सोडले नाहीत. पण त्यानंतर नियम वाचायच्या आधी "काय झालं?" हे विचारायला शिकले.

12. माझा आवाज चढतो, पण त्यामुळंच कामं होतात. ती माझी ताकद नाही का?

कामे होतात हे खरे. ती तुम्ही समोर असेपर्यंतच होतात. तुम्ही आठवडाभर लग्नाला गावाला जाऊन या आणि परत आल्यावर काय झालेय ते बघा. तेच उत्तर आहे.

13. चूक चार लोकांत कबूल केली तर मान जाईल. मग कबूल का करायची?

1919 च्या एप्रिलमध्ये गांधीजींनी सत्याग्रह थांबवला आणि लोकांना तयार न करताच कायदेभंगाला बोलावले ही आपली हिमालयाएवढी चूक होती असे नडियादला उघड सांगितले. विरोधकांनी टर उडवली. तेच गांधीजी पाच वर्षांनी, डिसेंबर 1924 मध्ये, आपल्या बेळगावात काँग्रेसचे अध्यक्ष झाले. काँग्रेसच्या अधिवेशनाचे अध्यक्षपद त्यांनी आयुष्यात तेवढे एकदाच घेतले. टिळकवाडीतल्या काँग्रेस विहिरीवरून जाताना मला दर वेळी हे आठवते.

मात्र कबुली कशी द्यायची यात फरक आहे. काय चुकले, कुणाचे नुकसान झाले आणि आता काय करणार, एवढे तीन वाक्यांत सांगा. "माझ्यात खूप दोष आहेत" असे मोघम बोलू नका. त्याने कुणाचे काही भरून निघत नाही.

14. अध्यक्ष मी आहे, पण कारभार घरचे बघतात. माझी जमेची बाजू मला कळणार कशी?

कर्नाटकात ग्रामपंचायतीत निम्म्या जागा बायकांसाठी राखीव आहेत. खुर्ची मिळाली, पण बऱ्याच घरांत फोन नवऱ्याच्या नाहीतर दिराच्या हातात राहिला. हा प्रश्न पाठवणाऱ्या बहुतेक जणी नाव लिहीत नाहीत.

घरात भांडण करा असे मी सांगणार नाही. प्रत्येकीचे घर वेगळे असते आणि भार तिलाच पेलायचा असतो. पण काहीच न करता स्वतःला पारखायला मिळत नाही. म्हणून एक विषय निवडा, अगदी छोटा. अंगणवाडीचे पाणी म्हणा, शाळेच्या वाटेवरचा दिवा म्हणा. घरी सांगा, "हे तेवढं मी बघते." त्याचा अर्ज, पीडीओंशी बोलणे, पाठपुरावा, सगळे तुम्ही करा आणि प्रश्न 3 मधल्या वहीत लिहा. एक काम तडीला गेले की तुम्हाला दोन गोष्टी कळतील: यातले काय सहज झाले आणि कुठे अडले. मग दुसरा विषय घ्या. माझ्या ओळखीतल्या एका सदस्याने असे तीन दिवे लावले. चौथ्या वेळी तिच्या दिरानेच गावातल्या माणसाला सांगितले, "वैनींना विचारा, मला न्हाई ठाव."

15. कारखान्यात माझा शब्द चालतो. गावच्या शाळेच्या एसडीएमसीवर (शाळेचा विकास आणि देखरेख बघणारी कमिटी) अध्यक्ष झालो तर कुणी ऐकत नाही. माझी ताकद गेली का?

गेली नाही, जागा बदलली. कारखान्यात तुमच्या शब्दामागे हजेरी, पगार आणि शिफ्ट होती. शाळेच्या कमिटीत पालक फुकट येतात, मजुरी बुडवून येतात. तिथे हुकूम चालत नाही. कारखान्यातल्या यशातून पदाचा भाग वजा करा. बिघाड शोधायची नजर, कामाची वाटणी, वेळ पाळणे हे तुमचे आहे, ते शाळेतही चालेल. बाकीचे खुर्चीचे होते.

16. सगळ्यांचं ऐकलं आणि त्यानंतर माझं काम उलट बिघडलं. असं होतं का?

होते. अव्राहम क्लुगर आणि अँजेलो डेनिसी यांनी 1996 साली या विषयावरचे पुष्कळ जुने अभ्यास एकत्र तपासले. अभिप्राय दिल्याने काम सरासरीने सुधारते, पण तिसऱ्या हिश्शाहून जास्त वेळा ते बिघडलेलेच दिसले. लक्ष कामावरून उडून स्वतःवर गेले की तसे होते. "मी असा आहे का?" हा विचार रात्रभर फिरतो आणि सकाळी हातातले काम चुकते.

म्हणून एका वेळी एकच गोष्ट घ्या, आणि ती कामाच्या भाषेत लिहा. "मी उद्धट आहे" असे नको, "बैठकीत दुसऱ्याचं वाक्य संपेपर्यंत थांबायचं" असे हवे. बाकीचे कागद पेटीत ठेवून द्या, पुढच्या वर्षी काढा.

17. स्वतःचा फार विचार करायला लागल्यापासून निर्णयच घेता येत नाही.

तुम्ही बहुतेक "का" विचारत असणार. मी असा का वागलो, मला भीती का वाटते. मन त्याला पटेल ते कारण बनवून देते, आणि ते खरे असतेच असे नाही. प्रश्न 1 मधल्या युरिक बाईंचा सल्ला इथे उपयोगी आहे: "का" च्या जागी "काय" विचारा. कुठल्या प्रसंगी भीती वाटते? पुढच्या वेळी काय वेगळे करेन? आठवड्यातून एकदा, अर्धा तास, वही घेऊन. बाकीचे सहा दिवस काम करा.

18. वही, माणसं, चिठ्ठ्या सगळं करून कळलं की या पदाला लागतं ते माझ्याकडे नाही. आता काय?

आधी खात्री करा की हे तुम्हाला पद घेतल्यापासून वर्ष उलटून गेल्यावर वाटते आहे. पहिल्या सहा महिन्यांत जवळजवळ सगळ्यांनाच असे वाटते. मग बघा, पद न सोडता कामाची वाटणी बदलून भागेल का. अध्यक्षाने बैठक चालवलीच पाहिजे असे सगळीकडे नसते. उपाध्यक्ष बैठक चालवतील, तुम्ही गावात फिरून माणसे जोडाल, असे चालू शकते.

तरीही सोडायचे ठरले तर मध्येच, रागाने, व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज टाकून सोडू नका. ऑडिट होऊ द्या. पासबुक, शिक्का, ठराव वही आणि कपाटाची किल्ली सगळ्यांसमोर मोजून द्या आणि दिल्याचा कागद करा. तीन महिने नव्या माणसाच्या शेजारी बसा, पण तो विचारेल तेव्हाच बोला. आणि तुमच्या त्या वहीतली जी जमेची बाजू पक्की निघाली आहे ती नव्या अध्यक्षांना सांगून ठेवा, म्हणजे त्या कामाला तुम्हाला कधी हाक मारायची हे त्यांना कळेल.